विश्रांतीचा कार्यक्रम

पुण्याहून समुद्राच्या कडेकडेने गोव्याला जायचं आणि वाटेत हेदवीला एक रात्र निवांत काढायची असं ठरलं, तेव्हा बायकोने सर्वांत आधी त्या निवांतपणाचं वेळापत्रक केलं. त्यात 'सायंकाळी ५ ते ६ : काहीही न करणे' अशी नोंद होती. पुढे चौकोन, झाल्यावर खूण करायला.

कोकणातला सागरी रस्ता मात्र वेळापत्रक जुमानत नाही. खाडी आली की तो सरळ पाण्यापाशी संपतो. दाभोळला वाशिष्ठी आडवी आली. फेरीबोट पलीकडे धोपाव्याला होती, म्हणून थांबलो. हॉर्न वाजवला की खाडी अरुंद होत नाही, हे पुणेकराला पटायला जरा वेळ लागतो.

हेदवी गुहागर तालुक्यात. चिऱ्याचं घर, मागे माड-पोफळीची वाडी आणि दारात 'राहण्या-जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी. यजमान काकांनी "उशीर केलात, भात निवला" असं म्हणून स्वागत केलं, तेव्हाच सोय अस्सल घरगुती असल्याची खात्री पटली. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. मी उकडीच्या मोदकांचा विषय काढला. काकू म्हणाल्या, "ते आदल्या दिवशी सांगायचं असतं."

हात धुताना काकांना विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही आलात कशाला?"

"विश्रांतीला."

"मग घ्या की!" म्हणाले आणि आत जाऊन घोरायला लागले.

दुपारी एक ते चार त्या घरात पातेलंसुद्धा वाजत नाही. मी झोपाळ्यावर आडवा झालो. कड्या करकरल्या. माजघरातून आवाज आला, "झोपाळा वाजतोय." उतरलो. मग मोबाइलची रेंज शोधत हिंडलो. ती विहिरीपाशी सापडली, पण रहाटाला टेकून उजवा हात वर धरला तरच. त्या अवस्थेत ऑफिसचा फोन आला आणि साहेबांनी "मजा करताय ना?" असं विचारलं.

वाडीत एक गडी सुपारी काढत होता. एका पोफळीचं काम झालं की खाली न उतरता तो शेंड्यालाच झोका द्यायचा आणि शेजारची पोफळी पकडायचा. तिकडे तो घाम गाळतोय आणि इकडे मी विश्रांती जमत नाही म्हणून दमलोय, हे बघून मी जागा बदलली.

बामणघळ बघायची तर भरतीलाच. ती कधी, हे बघायला मोबाइलवर ॲप घेतलं होतं. ते नुसतं गोल फिरत होतं. काकांनी जेवतानाच भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं होतं, "आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार." चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, समुद्राला कुणी कळवलं नाही.

पावणेचारला उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळीवर पोचलो. काळ्या कातळात एक अरुंद चीर आहे. लाट आत शिरते, कोंडते, खालून धडाम् असा आवाज येतो आणि पाणी माणसाच्या डोक्यावरून उडतं. आमची मुलगी फोटो काढायला वळली आणि नखशिखांत भिजली. तिथून दशभुज गणपतीला गेलो. दहा हात असून देव एका जागी स्वस्थ बसलाय. आमचे दोनच, पण ते सारखे खिशातल्या मोबाइलकडे जातात.

पाच वाजता पुळणीवर बसून काहीही न करायला सुरुवात केली. थोड्याच वेळात बायकोने विचारलं, "उद्या तवसाळहून जयगडला पहिली फेरी कितीला?" मग सहापर्यंत त्यावरच चर्चा झाली. चौकोनात खूण मात्र तिने ठणकावून केली.

तुम्ही जाणार असाल तर तिथी बघून जा. खरं उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, पण तेव्हा भरती भर बाराच्या उन्हात. तृतीयेची सव्वादोनला, म्हणजे काकांच्या ऐन झोपेत. अष्टमीची सहाला, वेळ सोयीची, पण ती भांगाची, पाणी फारसं उडत नाही. एकूणात पंचमी बरी. आणि मोदक चतुर्थीलाच सांगून ठेवा.