पीजीचा पीजी

दर रविवारी रात्री गावाकडून फोन येतो. "बस्तान बसलं का?"

पोरगा म्हणतो, "बसलं."

काय बसलं आणि कुठं बसलं, हे फोनवर विचारायचं नसतं.

पुण्यात एम.ए.ला आलेल्या मुलाला पीजी म्हणतात. तो राहतो त्या जागेलाही पीजीच म्हणतात. पहिलं पोस्ट ग्रॅज्युएट, दुसरं पेइंग गेस्ट. पहिल्याची वर्षाची फी आणि दुसऱ्याचं महिन्याचं भाडं शेजारी शेजारी मांडून बघा. आपल्याकडे शिक्षण अजून परवडतं, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. झोपणं परवडत नाही.

खोली नव्हे हो, कॉट. 'कॉट बेसिस' हा पुण्याचा अस्सल शब्द. साडेसहा फूट बाय तीन फूट, वर पंखा (सामाईक), खाली बॅग (स्वतःची). करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि ज्यानं दार उघडून दाखवलं त्या एजंटाचं एक भाडं. दार आपण उघडलं असतं तर?

"नाव काय? गाव कुठलं? करतोस काय?"

"एम.ए. करतोय काकू. विद्यापीठात."

"ते झालं रे. पण करतोस काय?"

काकूंना उगाच नावं ठेवू नका. हा प्रश्न पुढची दोन वर्षं सगळेच विचारणार आहेत. त्यांनी निदान ॲडव्हान्स घेण्याआधी विचारला.

मुलींच्या पीजीत काकू नसल्या तरी पाटी असते : रात्री नऊनंतर प्रवेश नाही. याच शहरात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळालं. मुलग्यांच्या पीजीतली पाटी मात्र आम्हाला अजून दिसलेली नाही. कदाचित रात्रीच्या अंधारात दिसत नसेल.

आता विद्यापीठ. गणेशखिंडीतली ती देखणी इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी बंगला. १८६४ ला काम सुरू, १८७१ ला पूर्ण. आर्थिक मंदीच्या दिवसांत गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं एवढा खर्च केला म्हणून थेट लंडनच्या पार्लमेंटात बोंब झाली. म्हणजे बघा, विद्यापीठ स्थापन व्हायच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधीच तिथं खर्चावर आक्षेप निघत होते. परंपरा म्हणतात ती हीच.

सेल्फी इथं काढायची. वर्ग भलतीकडेच.

चारशे एकरांच्या वर आवार आहे. वडाच्या सावल्या, वळणदार रस्ते, आणि ज्या विभागात जायचं तो नेमका दुसऱ्या टोकाला. तिथं गेल्यावर कळतं की शिक्का मुख्य इमारतीजवळ मिळतो. शिक्क्याजवळ पोचलं की जेवणाची सुट्टी. फिटनेस ट्रॅकर घेऊ नका, निराश व्हाल. पावलं होतात, काम होत नाही.

आणि आत पोचण्याआधी विद्यापीठ चौक आहेच. तिथला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. त्या जागी दुमजली पूल, वरून मेट्रो. त्या पुलाची पहिली बाजू वाहनांना खुली झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. तेवढ्यात दोन एम.ए. झाले असते आणि वर एक वर्ष गॅप. पुलाला कुणी गॅप सर्टिफिकेट मागितलं नाही.

मुलाला मागतात. मध्ये एक वर्ष आजारी होतास? घरी शेती केलीस? घे स्टँप पेपर, जा नोटरीकडे, शपथेवर सांग की मी या काळात कुठंही शिकत नव्हतो. बावीस वर्षांच्या पोरानं आयुष्यात पहिलं प्रतिज्ञापत्र करायचं ते काहीही न केल्याचं.

कागदांचा भूगोल तर त्याहून न्यारा. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याच्या पदराखाली बारा जिल्हे होते. आता तीन उरलेत : पुणे, अहिल्यानगर, नाशिक. त्यामुळे जामखेडचा पोरगा घरचा. शेजारच्याच तालुक्यातला आष्टीचा पोरगा बीड जिल्ह्यातला, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचा, म्हणजे परका. त्यानं मायग्रेशन आणायचं.

मायग्रेशन! पक्षी करतात ते. त्यांना फक्त हंगाम लागतो.

बरं, होस्टेल आहे की. आहे ना. यादी एक, यादी दोन, आणि मग ज्या यादीत आपलं नाव यायचं ती तिसरी यादी लागतच नाही. पण पोरं रस्त्यावर पडत नाहीत. खोलीत नावं दोघांची, झोपतात चौघं. बिननावाच्याला होस्टेलच्या भाषेत 'पॅरासाईट' म्हणतात. प्राणिशास्त्र विभागाबाहेर हा शब्द इतका नेमका कुणी वापरत नसेल. फरक एवढाच की इथला परजीवी पुढच्या वर्षी यजमान होतो, आणि यजमान डिग्री घेऊन पुन्हा कुणाच्या तरी खोलीत परजीवी.

यातली खरी गंमत सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. एम.ए.ला आलेले सगळेच एम.ए.ला आलेले नसतात.

सकाळी लवकर जयकर ग्रंथालयाच्या अभ्यासिकेकडे जाऊन बघा. (हो, हे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं.) दार उघडायच्या आत बाहेर बॅगांची रांग. माणसं चहाला, बॅगा रांगेत. आत गेलं की खुर्चीवर रुमाल, टेबलावर पाण्याची बाटली, बाटलीला टेकून जाडजूड लक्ष्मीकांत. राज्यघटनेवरचं ते पुस्तक कोपऱ्यांनी मऊ झालंय, पानापानाला तीन रंगांचे हायलायटर, मध्येच पिवळी चिठ्ठी : 'हा प्रश्न येतोच'. त्याखाली एक वही. वहीवर वळणदार अक्षरात लिहिलंय 'एम.ए. भाग १'. आत पान कोरं.

मालक कुठल्या विषयाचा? त्याला आठवायला दोन सेकंद लागतात.

हसू नका. हिशेब साधा आहे. स्पर्धा परीक्षेचा क्लास महाग, सदाशिव पेठेतली कॉट महाग, पेरुगेटाजवळची अभ्यासिका महाग. एम.ए.ची फी भरली तर ओळखपत्र मिळतं. ओळखपत्रावर ग्रंथालय मिळतं, नशीब असेल तर होस्टेल मिळतं, आणि वर मामानं विचारलं तर 'शिकतोय' असं उत्तर मिळतं. एवढ्या स्वस्तात पुण्यात दुसरं काय मिळतं? विषय कोणताही चालतो. लग्नाच्या कार्यालयात जेवायला बसणारा नवरदेवाचं गोत्र विचारतो का?

आणि जो बिचारा खरोखर भाषाविज्ञान शिकायला आलाय, त्याला खुर्ची मिळत नाही. तो झाडाखाली बसून वाचतो. आईवडिलांना वाटतं, शांतिनिकेतन.

नव्या शैक्षणिक धोरणानं त्याचीही सोय केली. पदव्युत्तरला ऑन जॉब ट्रेनिंग आलं, चार क्रेडिटचं. फार छान. संगणकवाला हिंजवडीला जाईल. मराठी साहित्यवाल्यानं ट्रेनिंग कुणाकडे घ्यायचं? कवीकडे? कवी स्वतःच जॉब शोधतोय.

वर एका वर्षानं बाहेर पडायची मुभा. पडलात तर पीजी डिप्लोमा. काकूंची अकरा महिन्यांच्या कराराची कल्पना दिल्लीपर्यंत पोचली म्हणायची.

तरी पोरं शिकतात. सगळ्यात आधी शिकतात 'खाडा'. मेसला जायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं, तेही ओळीनं इतके दिवस असेल तरच खाडा धरणार, एखाद्या वेळचा धरणार नाही. महिन्याअखेरीस मेसवाले मामा वही काढतात आणि पोरगा मोबाईलमधली नोंद काढतो. दोन्ही बाजूंनी पुरावे सादर होतात. चौदा तारखेच्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीवर जेवढा युक्तिवाद होतो, तेवढा सेमिनारमध्ये झाला तर मास्तर पेढे वाटतील.

तासाला दांडी मारायची तर मात्र आदल्या दिवशी सांगावं लागत नाही. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून वडापाव. त्याच वेळी गावाकडून फोन. "जेवलास का? बस्तान बसलं का?"

"बसलं, बसलं."

दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये खरंच बसतं. कोणती बस रिकामी येते, कोणत्या खिडकीवर जेवणाच्या सुट्टीनंतर माणूस खुशीत असतो, कोणत्या नळाला सकाळी पाणी टिकतं, सगळं पाठ. परीक्षा मेमध्ये. मग ग्रुपवर मेसेज पडतो : गादी, बादली, टेबल फॅन द्यायचे आहेत, कॉटही रिकामी होतेय.

बादलीवर मागच्या तीन मालकांची नावं आहेत. तिसरं खोडलेलं.

नवा मुलगा बघायला येतो. काकू दारातच. "एमपीएससीवाला नको हं मला. रात्रभर दिवा जाळतात."

"नाही काकू, हा नुसता एम.ए. करणार आहे."

"मग चालेल."