वन्यजीव संस्था चालवण्याची नियमावली व कार्यकर्त्यांच्या सेवाशर्ती (मसुदा)

ज्याअर्थी माणसाने वन्य प्राण्यांशी कसं वागावं हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सविस्तर सांगितलेलं आहे, आणि ज्याअर्थी त्या प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं हे कुठल्याच कायद्यात सांगितलेलं नाही, त्याअर्थी नाशिक शहर व जिल्ह्यासाठी प्रस्तुत नियमावली करण्यात येत आहे. ती संस्थेच्या चिटणीसाने, म्हणजे मी, कोणीही न सांगता तयार केली आहे. समिती नेमली असती तर अजून समितीचं नावच ठरत असतं.

कलम १ : व्याख्या

'संस्था' म्हणजे एक रबरी शिक्का, एक दुर्बीण (डाव्या नळीत बुरशी), माझ्या घरातलं अर्धं कपाट आणि व्हॉट्सअॅपवरचा एक गट. 'सभासद' म्हणजे त्या गटात रोज सकाळी मोराच्या चित्रावर 'सुप्रभात' लिहून पाठवणारी व्यक्ती. 'सक्रिय सभासद' म्हणजे ज्याच्याकडे चारचाकी आहे असा सभासद. 'अध्यक्ष' म्हणजे ज्यांची लेन्स सर्वांत लांब आहे ते. अध्यक्षपदासाठी दुसरी कोणतीही पात्रता या संस्थेत आजवर विचारात घेतलेली नाही.

कलम २ : स्थापना व नोंदणी

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. सात निसर्गप्रेमी नाशकात कुठल्याही चहाच्या टपरीवर मिळतात. आधार कार्डावर आणि पॅन कार्डावर ज्यांचं नाव एकसारखं आहे असे सात मात्र शोधावे लागतात. उद्दिष्टं लिहिताना शेवटी 'व तत्सम इतर' हे शब्द न विसरता घालावेत. अध्यक्षांच्या भाच्याच्या छायाचित्रांचं प्रदर्शन आम्ही या 'तत्सम'खालीच भरवलं होतं.

यानंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते आणि शेड्यूल एकचा उतारा हाती येतो. हा उतारा जपावा. बँक, देणगीदार, वनखातं, सगळे आधी तोच मागतात. कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. आमचे आधीचे खजिनदार मुलाकडे पुण्याला राहायला जाऊन नातवाच्या मुंजीपर्यंत पोचले, पण उताऱ्यावर अजून तेच खजिनदार आहेत.

अध्यक्षही त्याच उताऱ्यावर आहेत. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आणि आमचे अध्यक्ष धर्मादाय कार्यालयाच्या शेड्यूल एकमध्ये. दोघांनाही जागचं हलवायचं तर वरून लेखी आदेश लागतो. बिबट्याला निदान पिंजरा लावता येतो.

कलम ३ : सभा

प्रत्येक सभेच्या सूचनेत तळाशी पुढील मजकूर असावा : 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट लागू राहणार नाही.' हा मजकूर सर्व सभासदांना तोंडपाठ असल्यामुळे सगळे अर्ध्या तासानेच येतात. पहिला अर्धा तास चिटणीस एकटाच बसून सतरंजीवरची वाळकी पानं वेचतो, आणि दुसऱ्या सभेला, जिला गणसंख्या लागत नाही, ती पुरेपूर असते.

कलम ४ : अध्यक्षीय भाषण सात मिनिटांचं असेल.

कलम ५ : कामाची वेळ, वेतन, गणवेश

कारखान्यातल्या कामगाराला आठ तासांचा दिवस असतो. आमच्या कार्यकर्त्याचा दिवस कधी सुरू होतो ते पक्षी ठरवतात आणि कधी संपतो ते गाडीचा मालक ठरवतो. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेसाठी पहाटे साडेचारला सीबीएसवर हजर राहावे. साडेचार म्हणजे साडेचार, 'निघालोच' नव्हे. वेतन नाही. भत्ता म्हणून परतीच्या वाटेवर एक मिसळ मिळेल. जादा पाव ज्याचा त्याने घ्यावा.

गणवेश खाकी, शेवाळी किंवा मातकट असावा. नारिंगी जर्किन चालणार नाही, बायकोने वाढदिवसाला दिलेलं असलं तरी. कानटोपी सक्तीची आहे, कारण निफाड तालुक्याची थंडी ही थट्टा नव्हे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा महाराष्ट्रात कित्येकदा सगळ्यात खाली असतो, आणि त्याच हवेत आपल्याला नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर उभं राहून हातमोजे काढून पेन्सिल चालवायची असते. पेन्सिलच आणावी. थंडीत आणि दवात बॉलपेन रुसतं.

नवीन सभासदांना जागेची माहिती असावी म्हणून थोडक्यात सांगतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला गेला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ मागे साचत गेला, गाळाची बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी साठवण घटत गेली ती पक्ष्यांच्या खात्यात जमा होत गेली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. गाळाला एवढी आंतरराष्ट्रीय मान्यता क्वचितच मिळते.

कलम ६ : मोजणी

दोघांची जोडी करावी. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. बघणाऱ्याने दुर्बिणीतून डोळा काढून वहीत डोकावू नये, तेवढ्यात थवा सरकतो. थवा पाण्यावर बसलेला असतानाच मोजावा. आधी नेमके दहा पक्षी मोजावेत, त्या दहांनी केवढी जागा घेतली ती डोळ्यांत धरावी आणि तेवढा ठोकळा थव्यावर पुढे पुढे मांडत जावा. फार मोठा थवा असेल तर शंभराचा ठोकळा करावा. वारकरी सगळीकडे असतात आणि सारखे दिसतात म्हणून त्यांना 'भरपूर' असं लिहू नये. भरपूर हा आकडा नाही. तलवार बदक आणि थापट्या यांच्या माद्या दुरून चकवतात. तिथे चोच बघावी, फावड्यासारखी पसरट दिसली की थापट्या. कळलं नाही तर 'अनोळखी बदक' लिहावं, यात कमीपणा नाही. चापडगावची गाईड मुलं सोबत असतील तर त्यांना विचारावं. त्यांची नजर आपल्या दुर्बिणीच्या पुढे जाते, आणि आपण पुस्तक उघडेपर्यंत त्यांचं पक्ष्याचं नाव सांगून झालेलं असतं.

दोघांचे आकडे वेगळे आले तर लहान आकडा लिहावा. हा नियम अध्यक्षांना मान्य नाही. त्यांचा आकडा नेहमी मोठा येतो आणि शेवटी दोन शून्यं असतात.

मनोऱ्यावर बोलू नये. हेही अध्यक्षांना मान्य नाही. त्यांचा आवाज मुळातच सभागृहाच्या मापाचा आहे. 'चिटणीस, ते बघा पट्टकदंब!' असं ते कुजबुजले की हिमालय ओलांडून आलेला तो पाहुणा पुन्हा हिमालयाच्या दिशेने निघतो. गेल्या गणनेत आमच्या तक्त्यात थापट्यांचा एक अख्खा थवा 'उडताना' या रकान्यात गेला, त्याचं कारण शेरा म्हणून लिहायला रकाना नव्हता.

कलम ७ : छायाचित्रण

घरट्याजवळ जाऊ नये. आड येणारी फांदी तोडू नये, ती पक्ष्याने आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी आड ठेवलेली असते. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. घुबडाचं झाड कुठलं हे गटावर टाकू नये. अध्यक्षांना तर मुळीच सांगू नये.

कलम ८ : दूरध्वनी

संस्थेचा म्हणून जो क्रमांक छापलेला आहे तो माझा आहे. रात्री अकरानंतर फोन आला तर तो सापाचा असतो. पलीकडचा माणूस कायम 'नाग आहे, मोठा आहे' असं सांगतो आणि बहुतेक वेळा ती धामण निघते. प्रश्न या क्रमाने विचारावेत : साप आत्ता दिसतोय का? मुलं आणि कुत्रं बाजूला आहेत का? लांबून फोटो काढता येईल का? मारायला काठी घेऊन कोण उभं आहे, त्याला फोन द्या. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सापावरून नजर हटवू देऊ नये, कारण 'होता, आता दिसत नाही' हे वाक्य ऐकलं की त्या घरात कोणीच झोपत नाही, मग आपल्यालाही झोपू देत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यांना देऊन ठेवावा.

उत्साही तरुणांनी हेही लक्षात ठेवावं की कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं. परवानगीवाचून गळ्यात साप घालून रील काढणारा सर्पमित्र कायद्याच्या लेखी शिकारी ठरतो.

कलम ९ : संक्रांत

या काळात संस्थेला सुट्टी नाही. येवल्याला तीन दिवस पतंग चालतात आणि त्याच्या पुढचे कित्येक दिवस आपलं काम चालतं, कारण मांजा झाडावरच राहतो. नायलॉन मांजावर बंदी आहे. बंदी असलेल्या वस्तूंपैकी एवढी सहज दिसणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. अडकलेला पक्षी ओढू नये. आधी अंगावर फडकं टाकून त्याला शांत करावं, मग मांजा दोन्ही बाजूंनी कापावा. पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्यावा, तो पशुवैद्यच काढतील. भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात, अंधारात ठेवावं. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. हळद नको, दूध तर नकोच. दर वर्षी एक तरी आजी प्रेमाने दूध पाजते.

कलम १० : बिबट्या

बिबट्याबद्दल निवेदन देण्याचा अधिकार फक्त वनविभागाला आहे, तरी अध्यक्ष देतात.

गोदाकाठचा ऊस हा बिबट्याच्या दृष्टीने बारा महिने उभा असलेला, पाणी असलेला, कुत्री-डुकरं जवळ असलेला जंगलाचा तुकडा आहे. कित्येक बिबटे तिथेच जन्मतात. त्यामुळे 'तो जंगलातून भरकटून आला' असं वाक्य कार्यकर्त्याने सहसा वापरू नये. शहरात शिरला की गोष्ट वेगळी. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा बातमी द्यायला गेलेले पत्रकारही जखमी झाले. बिबट्याला पळायला वाट ठेवली नाही तर तो माणसांतून वाट काढतो. म्हणून कार्यकर्त्याचं काम बिबट्याकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभं राहणं हे आहे. फोटो नेमका उलट्या दिशेने चांगला येतो, ही या कामातली अडचण आहे.

ऊसतोडणीत पिल्लं सापडली तर कोयता थांबवावा आणि वनरक्षकाला कळवावं. पशुवैद्यांनी तपासलं की पिल्लं द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या प्लास्टिक कॅरेटमध्ये ठेवून अंधार पडायच्या आत त्याच जागी, त्याच सरीत ठेवतात. समोर कॅमेरा बसवतात आणि सगळे निघून येतात. आई रात्रीतून येते, कॅरेट कलंडवते आणि एकेकाला मानगुटीला धरून नेते. यात अवघड एवढंच असतं : 'सगळे निघून येतात'. बांधावर अर्धं गाव मोबाईलचे दिवे लावून उभं असतं आणि त्या उजेडात कुठलीही आई येत नाही.

अशाच एका रात्री वनरक्षक दोन आणि माणसं दीडशे, अशी परिस्थिती असताना आमचे अध्यक्ष गाडीतून उतरले. लेन्स गाडीतच राहिली होती. ते बांधावर चढले आणि त्यांच्या त्या सभागृही आवाजात गरजले, 'ए, दिवे बंद! तिला पिल्लं न्यायचीत, तुमच्यात लग्नाला नाही यायचंय! आबा, तुम्ही मोठे, तुम्ही आधी निघा!' आबा निघाले. आबांमागे पोरं निघाली. दहा मिनिटांत बांध मोकळा झाला. पहाटे कॅरेट रिकामं होतं. थापट्यांबद्दल मी त्या दिवसापुरतं त्यांना माफ केलं. हे इतिवृत्तात नोंदवू नये.

कलम ११ : शासकीय समित्यांवरील प्रतिनिधित्व

नाशिकजवळच्या बोरगडाला २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र होण्याचा मान मिळाला. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत कोण असावं हे कायद्याच्या कलम ३६ ब मध्ये दिलेलं आहे : वनखात्याचा सदस्य-सचिव, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, शेती आणि पशुसंवर्धन खात्यांचा एकेक, आणि स्वयंसेवी संस्थांचे तीन. जिल्ह्यात कुठेही अशा तीन खुर्च्या रिकाम्या झाल्याची कुणकुण लागली की ज्या संस्थांनी वर्षभर एकही बदक मोजलेलं नसतं त्यांची लेटरहेडं छापून तयार होतात. आमच्या संस्थेने अर्ज वेळेत करावा, अशी तरतूद या कलमान्वये करण्यात येत आहे. मागच्या वेळी अर्जावर सही कोणाची, यावर आपण दोन सभा घेतल्या आणि मुदत गेली. बैठकीला गेलेल्या प्रतिनिधीने ग्रामपंचायतीच्या माणसाच्या शेजारी बसावं. पाणवठा कधी आटतो आणि वणवा कुठल्या बाजूने येतो, हे त्या टेबलाभोवती त्यालाच ठाऊक असतं.

कलम १२ : वन्यजीव सप्ताह (१ ते ७ ऑक्टोबर) आणि पक्षी सप्ताह (५ ते १२ नोव्हेंबर)

प्लास्टिकात गुंडाळलेले पुष्पगुच्छ देऊ नयेत.

कलम १३ : वर्गणी व मतदान

वार्षिक वर्गणी पाचशे रुपये राहील. थकबाकीदारास सभेत बसता येईल, चहा घेता येईल, सूचनाही करता येतील. मत देता येणार नाही. हा मसुदा येत्या सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीसाठी ठेवायचा आहे म्हणून मी वर्गणीची वही काढून बघितली. मतदानास पात्र सभासद आहेत चार. त्यांत मी, विद्यमान खजिनदार, पुण्याला गेलेले खजिनदार (ते अजून नेमाने पैसे पाठवतात) आणि निफाडचे एक निवृत्त मास्तर. अध्यक्ष तीन वर्षांचे थकबाकीदार आहेत. म्हणजे कलम ४ आणि कलम ७ विनाविरोध मंजूर होण्याचा योग या संस्थेच्या इतिहासात प्रथमच आला होता.

त्यांचे पंधराशे मी कालच भरले. पावती त्यांच्या नावाने फाडली आहे.