आमचे पोस्टमास्तर

डोंबिवली पूर्वेस, फडके रस्त्याच्या गजबजाटापासून दोन गल्ल्या आत, ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत माझे बिऱ्हाड आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त गृहस्थांस आम्ही सारे ‘पोस्टमास्तर’ म्हणतो. आणि टपालखात्याशी त्यांचा उभ्या जन्मात पाकिटास तिकीट डकविण्यापलीकडे संबंध आलेला नसला, तरी ही पदवी त्यांनी स्वतःच, कायद्याचे कलम दाखवून, धारण केलेली आहे. ई-मेलची जी नियमावली १९८२ साली सिद्ध झाली, तीत म्हणे असे फर्मान आहे, की जो कोणी आपल्या नावाने टपाल स्वीकारू लागेल त्याने ‘पोस्टमास्टर’ या नावाची एक पेटी सदैव उघडी ठेवावी. बिनपगारी, बिनसुटीचे आणि बिननिवृत्तीचे असे हे जगातील एकमेव पद असावे, असे त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, मत आहे.

हा मनुष्य एकटा नव्हे. नौपाड्यापासून कल्याणपर्यंत दर चार-दोन इमारतींमागे एक या प्रमाणात तो आढळतो. गिरगावातली पागडीची खोली सोडून, कर्ज काढून, स्वतःच्या ब्लॉकाच्या दारावर पितळी पाटी लावण्यासाठीच ज्याचा बाप डोंबिवलीस आला, त्याच्या रक्तात परक्याच्या घरात न राहण्याची जी जिद्द उतरते, ती पुढे कोठे फुटेल याचा नेम नसतो. “फुकटचं मेलखातं म्हणजे पागडीची खोली,” पोस्टमास्तर सांगतात. “मालक केव्हा नळ तोडेल, सांगता येत नाही.” ज्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली पिनकोड देऊन सारा देश सहा आकड्यांत बसविला, ते एकाच वेळी टपालखात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी होते, ही गोष्ट पोस्टमास्तर स्वतःच्या समर्थनार्थ सांगतात, ती समर्थन कशी ठरते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

माळ्यावर, पितळेची घंगाळे आणि गणपतीची मखरे यांच्या मधोमध, जावयाने टाकून दिलेला एक संगणक अहोरात्र घरघरत असतो. बाहेरचे टपाल स्वीकारणारा आणि वाटेस लावणारा ‘पोस्टफिक्स’ नावाचा कारकून त्यात आहे; तो व्हीत्से व्हेनेमा या डच शास्त्रज्ञाने निर्मून १९९८ साली जगास दिला. आलेले टपाल पेटीत जपून ठेवून मागेल त्यास दाखविणाऱ्या दुसऱ्या कारकुनाचे नाव ‘डव्हकॉट’, म्हणजे शुद्ध मराठीत कबुतरखाना. ज्या गृहस्थाने कबुतरांच्या उपद्रवास त्रासून आपल्या सर्व खिडक्यांस जाळ्या ठोकल्या, त्याने घरातच कबुतरखाना पाळावा, याला काय म्हणावे?

या एका यंत्रावर चार डोमेने नांदतात: त्यांचे स्वतःचे, जावयाच्या क्लासचे, वहिनींच्या लाडू-चिवड्याच्या गृहोद्योगाचे आणि चौथे, कोणी न मागता, आमच्या संस्थेचे. यांस ‘व्हर्च्युअल’ म्हणतात. एकाच दारावर चार पाट्या असाव्यात आणि पोस्टमनने कोणाचेही पत्र आणले तरी आतल्या एकाच म्हाताऱ्याने ते घेऊन ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवावे, तशी ही व्यवस्था. म्हाताऱ्याजवळ मात्र दोन याद्या असतात: एक घरच्या माणसांची आणि दुसरी पाटीपुरत्या पोटभाडेकरूंची.

गेल्या मार्गशीर्षात इमारतीच्या गळतीचा अंदाज ठाण्याच्या इंजिनिअरांनी ई-मेलने पाठविला आणि तो पाठोपाठ परत गेला. सोबत जो शेरा होता त्याचे दफ्तरी भाषांतर असे, की सदरहू इसम या ठिकाणी नोंदलेला नाही. इंजिनिअरांनी दूरध्वनी करून, “सेक्रेटरीसाहेब सोसायटी सोडून गेले का?” असे हळुवारपणे विचारले, आणि ते वृत्त स्वतः सेक्रेटरींनीच ऐकल्यामुळे, यंत्राने आपणास बेदखल केल्याची तक्रार घेऊन ते दुसऱ्या मजल्यावर हजर झाले.

मी साक्षीदार म्हणून मागोमाग गेलो. पोस्टमास्तर पडद्यासमोर बारनिशी उघडून बसले होते. यंत्र आपल्या प्रत्येक कृत्याची नोंद ओळीओळीने करते आणि तिची शेपटी तेवढी पाहण्याची एक आज्ञा असते. ती शेपटी धरून हा गृहस्थ सकाळपासून बसला होता. चहा दोनदा निवला. त्यांनी संकेतशब्द तपासले, कप्पे तपासले, कबुतरखाना बंद करून पुन्हा उघडला, आणि अखेरीस सर्व दोष ठाण्याच्या माथी मारला. ठाणे आमच्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा ओलांडले की आले. तिसरा कप ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, “अहो, हे ‘बोथ’ एवढ्या मोठ्या अक्षरांत का लिहिलंय?”

तेथे खरोखरच, दर काही ओळींनी, यंत्र कळवळून सांगत होते, की हे डोमेन दोन्ही याद्यांत लिहू नका. पोस्टमास्तरांनी संस्थेचे नाव पोटभाडेकरूंच्या यादीत घातले होते आणि, असू द्यावे म्हणून, घरच्या यादीतही. घरच्या यादीत नाव दिसताच कारकून त्या इसमास घरातच शोधतो, दुसरी यादी उघडतसुद्धा नाही. आणि सेक्रेटरी या घरचे नव्हेत, हे तर खरेच होते. “म्हणजे नाव दोन रेशनकार्डांवर!” वहिनींनी निकाल दिला. एक शब्द खोडला, कारकुनास नव्याने हुकूम वाचावयास लावला, इंजिनिअरांस पुन्हा पाठवावयास सांगितले, आणि दहाव्या मिनिटास अंदाज येऊन दाखल झाला. गळतीचा आकडा पाहून, तो आला नसता तरी चालले असते, असे सेक्रेटरींस वाटले.

परंतु पोहोच पाठविली ती इंजिनिअरांच्या स्पॅममध्ये पडली. त्याचे कारण निराळे आणि अधिक सरकारी. डोमेनच्या नावावरून यंत्राचा इंटरनेटवरील क्रमांक सांगणारी नोंद पोस्टमास्तरांनी केलेली होती. क्रमांकावरून नाव सांगणारी नव्हती. आठ-अच्या उताऱ्यावर खातेदार म्हणतो, ही जमीन माझी. पण त्या गटाचा सातबारा काढावा तर तेथे भलत्याचेच नाव, असा प्रकार. मग परगावचा मेलसर्व्हर अशा इसमावर विश्वास का ठेवील? हा फेरफार घरबसल्या होत नाही. ज्याच्याकडून इंटरनेट घेतले त्यानेच तो मंजूर करावा लागतो. पोस्टमास्तरांनी त्या कंपनीस ई-मेलने सविस्तर अर्ज केला. तो अर्थातच स्पॅममध्ये गेला. मग त्यांनी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठविला. त्यावर, कृपया ई-मेलने संपर्क साधावा, असे उत्तर आले.

हे लिहीपर्यंत फेरफार नामंजूर नाही आणि मंजूरही नाही. गळतीच्या अंदाजावरील सर्वसाधारण सभा तहकूब होऊन पुढील रविवारी ठेवली आहे. नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिली असून तिच्या तळाशी पोस्टमास्तरांच्या हस्ताक्षरात सूचना आहे: हरकती असल्यास संस्थेच्या ई-मेलवर पाठवाव्यात, आणि पाठविल्यावर वर येऊन सांगावे.