घरगुती झबलं : कृती आणि परिणाम

कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात, बडनेऱ्यातही, घरी झबलं शिवायला जुनी सुती साडी घेतात. कापड मऊ असतं आणि वाया गेलं तरी कोणी बोलत नाही. पहिली पायरी माप. बाळ हलत असल्याने ते अंदाजेच लिहिलं जातं. दुसरी पायरी बेतणं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या सुमारे १/४ असतं. नवशिक्याने कापलेल्या गळ्याला हे मान्य नसतं, म्हणून पाठ उघडी ठेवून बंद लावतात. तिसरी पायरी शिवणं. यात माया सोडायची राहते आणि बाही उलटी जोडली जाते. कापड नवं, न भिजवलेलं असेल, तर राहिलेलं काम पहिली धुलाई करते. तयार झबलं बाहुलीला चपखल बसतं. बाळासाठी मग अमरावतीहून तयार कपडे येतात आणि मशीन उशीच्या अभ्र्यांकडे वळते. अभ्र्याला मुंढा नसतो.