मोडक्या दुव्यांचे निदान व उपचार : महाबळेश्वर मुक्कामी सिद्ध केलेली नियमावली

प्रास्ताविक

संगणकावरील एखादे पॅकेज अडून बसावे, म्हणून आपण त्याच्या मदतपुस्तिकेस शरण जावे, पुस्तिकेने मोठ्या सौजन्याने ‘अधिक माहितीसाठी येथे पाहा’ असे म्हणून निळ्या अक्षरांकडे बोट दाखवावे, आणि त्या अक्षरांवर टिचकी मारताच ‘४०४, पान सापडले नाही’ एवढाच मजकूर धारण करणारे शुभ्र पान समोर उभे राहावे, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे, की त्याविषयी कुरकूर करीत बसण्यापेक्षा त्याचे रीतसर शास्त्र बांधून मोकळे होणे, हेच सुज्ञास शोभेल.

शास्त्र बांधण्यास स्थळही तसेच हवे. आम्ही महाबळेश्वर निवडले, त्याचे श्रेय येथील थंड हवेस अथवा स्ट्रॉबेरीस देऊ नये. या डोंगरमाथ्यावरच्या जागा जिथल्या तिथे अचल राहिल्या, आणि नावे मात्र साहेबी अमदानीत भराभर पालटत गेली. सिंडोळ्याच्या टेकडीचा विल्सन पॉइंट झाला. नाके खिंडीचा, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कन्येच्या नावाने, केट्स पॉइंट झाला. माउंट ऑलिंपियाचे कॅनॉट पीक झाले. आणि सिडनी पॉइंट म्हणून एके काळी ओळखला जाणारा कडा, १८२४ साली हा डोंगर चढून आलेल्या लॉडविकसाहेबांच्या स्मरणार्थ, लॉडविक पॉइंट या नावाने नांदू लागला. आता एखाद्या जुनाट प्रवासवर्णनाच्या भरवशावर सिडनी पॉइंट शोधीत हिंडणाऱ्या गृहस्थाची जी अवस्था होईल, तीच मोडक्या दुव्यावर टिचकी मारणाराची होते: कडा आहे, दरी आहे, समोर प्रतापगडही दिसतो आहे, फक्त विचारलेल्या नावाला कोणी ओ देत नाही. मोडक्या दुव्यांपैकी पुष्कळसे याच जातीचे असतात, हे सूत्र जिज्ञासूने प्रारंभीच ध्यानात ठेवावे, कारण पुढील बहुतेक कलमे त्यावरच उभी आहेत.

कलम पहिले : दुवा मोडला आहे, की आपण तो मोडला

कोणावरही आरोप ठेवण्यापूर्वी पत्त्याचा पंचनामा करावा. पत्ता वाक्याच्या अखेरीस आला असेल, तर वाक्याचा पूर्णविराम त्याच्या शेपटीला चिकटून आत गेला आहे काय, हे प्रथम पाहावे. कंसात आला असेल, तर कंसाचा उत्तरार्ध सोबत आला काय, हे पाहावे. आणि छापील प्रतीवरून उतरविला असेल, तर ओळ मोडताना घातलेली आडवी रेघ ही पत्त्याचा अवयव आहे की छापखान्याची सोय आहे, याचा निवाडा करावा. इंग्रजी अक्षरांत थोरली व धाकटी असा जो भेद आहे, तो विंडोजला आपल्या फायलींच्या नावांत सहसा जाणवत नाही आणि लिनक्सला अतिशय जाणवतो; त्यामुळे लेखकाच्या टेबलावर सुरळीत चालणारा दुवा सर्व्हरवर चढताच एका अक्षराच्या थोरवीपायी प्राण सोडतो.

देवनागरी पत्त्यांची कैफियत याहून करुण आहे. आपल्या लिपीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि पायमोडका हलन्तसुद्धा, संगणकाच्या दप्तरी तीन-तीन बाइट व्यापतो, आणि पत्त्यात लिहिताना त्या प्रत्येक बाइटास टक्क्याचे चिन्ह लावून तीन चिन्हांनी दाखल करावे लागते. नुसता ‘म’ म्हटला तरी ‘टक्के ई शून्य, टक्के ए चार, टक्के ए ई’ एवढा त्याचा विस्तार होतो. या हिशेबाने ‘महाबळेश्वर’ हे नाव पत्त्यात शिरले की नव्वद चिन्हांचे होते, आणि एवढी वरात मध्येच कोठे तरी ओळ तोडणाऱ्या ईमेलमधून पलीकडे पोचेपर्यंत तिच्यातील दोन-चार वऱ्हाडी गळाले, तर दोष कोणास द्यावा? त्यातच कोणी हिंदी रिवाजाप्रमाणे ‘ळ’च्या जागी ‘ल’ लिहिला, तर डोळ्यास फरक जाणवण्यापूर्वीच यंत्रास तो गाव परका झालेला असतो.

कलम दुसरे : मिळालेल्या उत्तराचा अन्वयार्थ

सर्व्हरचे उत्तर आकड्यात येते, आणि ते नाराजीने न वाचता सरकारी खलित्याप्रमाणे शब्द तोलून वाचावे. ४०४ हा आकडा म्हणजे मुत्सद्देगिरीचा कळस होय: मागितलेले पान येथे नाही, एवढेच तो कबूल करतो, ते पूर्वी होते काय, पुढे येईल काय, की कधीच नव्हते, यांपैकी एकाही गोष्टीची हमी घेत नाही. ४१० हा प्रामाणिक अंमलदार आहे. पान होते, आता नाही, आणि परत येईल अशी आशा धरू नये, असे तो सरळ सांगतो, आणि म्हणूनच फारसा कोठे नेमला जात नाही. ३०१ हा सज्जन असून ‘बिऱ्हाड कायमचे हलले, नवा पत्ता असा’ म्हणून आपणास परस्पर तेथे नेऊन पोचवितो. मात्र एका सज्जनाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठविल्यास ब्राउझर वीसेक हेलपाट्यांनंतर कंटाळून तपास थांबवितो.

५०३ आल्यास दुवा मोडला, असा निष्कर्ष काढू नये. तो सर्व्हर तूर्त कामास असमर्थ आहे, इतकेच. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, म्हणून पोलादपूर नकाशावरून पुसून टाकण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही; दगडमाती हटेपर्यंत थांबावे.

सर्वांत घातकी प्रकार तो, की ज्यात कोणताच दोष नोंदविला जात नाही. मागितलेले पान नाहीसे झालेले असते, परंतु ते कबूल करण्याची लाज वाटून यजमान आपणास संस्थेच्या हसऱ्या मुखपृष्ठावर आणून सोडतो आणि दप्तरी ‘२००, सर्व ठीक’ असा शेरा मारतो. केट्स पॉइंट मागणाऱ्या प्रवाशाला एस. टी. स्टँडवर उतरवून ‘पोचलात’ म्हणण्याचाच हा प्रकार आहे, आणि तपासणीच्या यंत्रांना तो सापडत नाही, कारण यंत्र आकडा वाचते आणि माणूस जागा ओळखतो.

कलम तिसरे : घरचा पत्ता परगावी चालत नाही

मदतपुस्तिकेतील पत्ता १२७.०.०.१ या आकड्यांनी सुरू होत असल्यास तो परमुलखातील सर्व्हर समजून बिचकू नये. तो प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच पत्ता आहे. आर नावाची जी संख्याशास्त्रीय संगणकभाषा ऑकलंडच्या रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी जन्मास घातली, तिची मदतपाने आज याच रीतीने दाखविली जातात: आपल्याच यंत्रात एक चिमुकला सर्व्हर बसतो आणि आपल्याच ब्राउझरला पाने वाढतो. याचा मोठा लाभ असा, की वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावी आषाढात नेटवर्क बसले तरी ती पाने उघडतात. तोटा असा, की ‘हे पान अवश्य वाचावे’ म्हणून तो पत्ता मित्रास धाडल्यास मित्राचा ब्राउझर ते पान मित्राच्याच घरात शोधतो, आणि पत्त्यातील पोर्टचा आकडा दर बैठकीस बदलत असल्यामुळे उद्या तो आपल्याही घरात सापडत नाही.

याच कुळातील दुसरा दुवा ‘सी ड्राइव्ह, युझर्स, डेस्कटॉप, नवे फोल्डर, अंतिम, अंतिम दोन’ अशा थाटाचा असतो. लेखकाने पुस्तिका आपल्या घरी बसून लिहिली, घरी बसून तपासली, सर्व दुवे चालतात अशी स्वतःची खात्री पटविली, आणि जगास ती अर्पण केली. मात्र जगास ती वाचण्यासाठी त्याच्या डेस्कटॉपवर येऊन बसावे लागेल, हे त्यास सुचले नाही. अशा दुव्यास उपचार नाही. फाईलचे नाव तेवढे टिपून घ्यावे आणि पॅकेजच्या फोल्डरात तिचा शोध करावा. बहुधा ती शेजारच्याच खोलीत निघते.

कलम चौथे : शेजारी घरी आहे काय

पॅकेजे एकमेकांच्या मदतपानांचे हवाले देतात, आणि हवाला दिलेले शेजारचे पॅकेज आपल्या यंत्रात इन्स्टॉल नसेल, तर दुवा निर्दोष असूनही मृत भासतो. म्हणून शेजाऱ्याचे नाव वाचावे, तो यंत्रात आहे की नाही याची चौकशी करावी, आणि नसल्यास त्यास बोलावून घ्यावे. एवढ्याने पुष्कळ दुवे उठून बसतात.

याहून सूक्ष्म प्रकरण नाव आणि फाईल यांच्या तंट्याचे आहे. आरमध्ये एका पॅकेजने दुसऱ्याच्या पानाचा हवाला दिला, की त्या हवाल्यातील शब्द हा विषयाचे नाव न मानता फाईलचे नाव मानण्याची वहिवाट पूर्वी होती; विषय तोच राहून फाईलचे नाव बदलले, की हवाला निराधार होई. २०२१ साली निघालेल्या ४.१.० या आवृत्तीपासून प्रथम विषय पाहावा, तो न मिळाल्यास फाईल पाहावी, तीही न मिळाल्यास इतर इन्स्टॉल पॅकेजांत विषयाचा शोध घ्यावा, अशी उदार तजवीज झाली. महाबळेश्वरातही हाच तंटा आहे: पंचगंगेचे व महाबळेश्वराचे देऊळ असलेले क्षेत्र महाबळेश्वर निराळे, आणि त्यापासून पाच-सहा किलोमीटरांवर माल्कमसाहेबांच्या नावाने वसलेली पेठ, जिला आज सारे महाबळेश्वर म्हणतात, ती निराळी. भाविकाने नुसते ‘महाबळेश्वर’ म्हणून तिकीट काढले तर तो बाजारपेठेत चणे-फुटाणे घेत उभा राहतो आणि कृष्णेच्या उगमाचा पत्ता विचारतो. तेव्हा हवाला देताना विषय आणि ठिकाण दोन्ही लिहावीत, हा यातील बोध.

कलम पाचवे : जुन्या जागेचा नवा मालक

कित्येकदा एक दुवा मोडत नाही, सबंध पेठच उठते. गूगलने आपले गूगल कोड हे भांडार २०१६ च्या आरंभी बंद केले, तेव्हा तेथे मुक्काम करून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे पत्ते मदतपुस्तिकांत तसेच राहून गेले. गिटहबवर प्रकल्पाचे नाव बदलले तर जुना पत्ता नव्याकडे आपोआप वळविला जातो, ही सोय स्तुत्य आहे. परंतु तोच मालक पुढे जुन्या नावाने दुसरा प्रकल्प थाटील, तर वळण तत्क्षणी संपते आणि वाचक नवख्याच्या दारात उभा राहतो. डोमेनचे भाडे थकले आणि त्या जागी जुगाराचे दुकान लागले, तर तेथे संख्याशास्त्राची चौकशी करू नये. मुकाट्याने परत फिरावे.

कलम सहावे : जुने दप्तर धुंडाळणे

वरील उपाय थकल्यास जुन्या दप्तराकडे जावे. १९९६ पासून जगातील संकेतस्थळांच्या नकला ठेवीत आलेल्या इंटरनेट आर्काइव्हने आपले वेबॅक मशीन २००१ साली सर्वांस खुले केले. तेथे मोडका पत्ता जसाच्या तसा घालावा, पुस्तिकेच्या आवृत्तीचे साल पाहावे, आणि त्या सालाच्या आसपासची नक्कल मागावी. अगदी अलीकडची नक्कल घेण्याचा मोह टाळावा, कारण ती बहुधा ४०४ चीच, पण उत्तम जतन केलेली, प्रत असते.

कलम सातवे : वर्दी देणे

शोध लागल्यावर स्वतः समाधान पावून स्वस्थ बसणे हा नागरिकशास्त्राचा भंग होय. पॅकेजच्या पालकास वर्दी द्यावी, आणि तीत चारच गोष्टी लिहाव्यात: दुवा कोणत्या पानावर आहे, तो कोठे नेतो, काय उत्तर येते, आणि योग्य पत्ता कोणता. आपला किती वेळ गेला, आपण किती संतापलो आणि मानवजात कोठे चालली आहे, हे तीन परिच्छेद गाळावेत. पालक बहुधा बिनपगारी असतो आणि मानवजातीविषयी त्याचे मत आधीच प्रतिकूल असते.

कलम आठवे : पाने हलविणारांस ताकीद

आतापर्यंतची कलमे रुग्णांसाठी होती. हे रोगाच्या मूळ कारणासाठी आहे. पान आपण होऊन कोठे जात नाही. कोणी तरी रचना नीटनेटकी करावी म्हणून ते उचलतो, नवे नाव देतो, आणि जुन्या जागी पाटी न लावता हात झटकून निघून जातो. उत्तम पत्ते बदलत नसतात, अशा अर्थाचा उपदेश वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवला आहे. तो न पाळला गेल्याचे नवल नाही, कारण नामांतराचा उत्साह हा जगातील अत्यंत टिकाऊ पदार्थ आहे. आरच्या क्रॅन या मध्यवर्ती भांडारात नवी आवृत्ती दाखल करताना मोडके पत्ते नोंदवून दाखविले जातात, आणि पत्ता कायमचा हलला असेल तर नवा लिहिण्यास सांगितले जाते. अशी झडती प्रत्येक वेशीवर असावी.

ती नसेल तेथे प्रत्येकाने एवढे तरी करावे, की नाव बदलायचेच असेल तर खुशाल बदलावे, मात्र जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी ठोकावी, आणि ती आपल्या पश्चातही टिकेल अशी व्यवस्था करावी. या कलमाचा भंग करणारास शिक्षा एकच: त्याने स्वतःच लिहिलेली पुस्तिका, पाच वर्षांनंतर, काम अडलेले असताना, दुसऱ्याच्या संगणकावर, केवळ तिच्यातील दुवे धरून वाचावी. या शिक्षेवर अपील चालणार नाही.