भाष्यकार महाशयांस वडनेरहून विज्ञप्ती

वृत्तपत्रांचे संपादक व वाहिन्यांवरील राजकीय भाष्यकार यांचे सेवेसी, वडनेर, तालुका हिंगणघाट येथील एका वाचकाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बुद्धिवंत कोणास म्हणावे, याविषयीचे आपले कायदेकानू आम्हां खेडवळांस अद्याप उमगले नाहीत, ही कसूर अर्थातच आमची. आपल्या मर्जीतील पुढाऱ्याने भाषणात परदेशी ग्रंथाचे नाव घेतले की तो व्यासंगी ठरतो, आणि तेच नाव प्रतिपक्षाच्या तोंडून निघाले की तो पुस्तकी. एकाचे मौन हे चिंतन, दुसऱ्याचे ते निरुत्तर होणे. रिवाज खानदानी आहे खरा. ज्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, त्यांच्या व्याकरणाची 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी यथेच्छ थट्टा केली होतीच.

ऑगस्ट २०२५मध्ये सरकारने परदेशी कापसावरील आयातशुल्क माफ केले, त्या आठवड्यात हमरस्त्यालगतच्या टपरीवर एक वृद्ध कास्तकार भज्यांच्या तेलकट कागदावर बोटाने आकडे मांडीत होता: "मूळ शुल्क पाच, शेतीचा उपकर पाच, अन् त्या दहावर दहावा हिस्सा अधिभार, म्हंजे एक, झाले नं बावा अकरा? मंग आता थे अकराच्या अकरा गेले, त आमच्या कापसाले भाव कोन देईन?" हाच सवाल त्या रात्री एका वाहिनीवर एका शेतकऱ्याने केला, तेव्हा निवेदकांनी "भावना समजू शकतो" म्हणून त्यास वाटेस लावले, आणि दहा मिनिटांनी कोट घातलेल्या गृहस्थांनी तोच सवाल, बेरीज वगळून, इंग्रजीत विचारला, तेव्हा त्यास मर्मग्राही विश्लेषणाची सनद बहाल झाली. टपरीवर कोणी काही बोलले नाही. भजी मात्र निवून गेली.

सबब अर्ज की, सरकारी खरेदी केंद्रावर आमच्या कापसाचा ओलावा यंत्राने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पुरा हमीभाव, पुढे कपात, आणि १२च्या वर गेला की गाडी परत. यंत्र दयामाया जाणत नाही हे खरे, परंतु गाडी कोणाची, हेही ते विचारीत नाही. तसले एक यंत्र आपल्या दफ्तरी बसविण्याची तजवीज व्हावी. खर्चाची अडचण असल्यास गाव वर्गणी करील. फक्त कापसाचे चुकारे हाती येईपर्यंत कळ सोसावी. कळावे, ही विज्ञापना.

आपला नम्र,
एक वाचक