घ्या की प्यादं!

गॅम्बिटरावांचं खरं नाव बुद्धिबळ मंडळाच्या वहीत असेल. ते शोधायला कुणी गेलेलं नाही. पांढरी मोहरी हाती आली की ते एकच गोष्ट करतात. पहिल्या खेळीला राजासमोरचं प्यादं दोन घरं, काळ्यानं तसंच उत्तर दिलं की लगेच शेजारच्या उंटासमोरचं प्यादंही दोन घरं, थेट काळ्याच्या तोंडात. मग पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्या यजमानासारखे खुर्चीत मागे रेलून बघत बसतात. घ्या की!

हा किंग्ज गॅम्बिट. 'गॅम्बिट' शब्दाचं मूळ इटालियन, अर्थ पायात पाय घालून पाडणं. काळ्याचं प्यादं खायला बाजूला गेलं की पटाचा मध्य मोकळा होतो, पुढे हत्तीलाही वाट मिळते. तोटा एवढाच की आपल्याच राजाच्या घराचं दार उघडं राहतं आणि काळा वजीर तिरका येऊन शह देतो. राजानं सरकावं लागतं, किल्लेकोट जातो. गॅम्बिटरावांच्या मते राजानं अधूनमधून पाय मोकळे करावेत. स्वतः त्यांनी आयुष्यात मुदत ठेवीपलीकडे कशात पैसा गुंतवलेला नाही.

त्यांचं पुराण १८५१ साली सुरू होतं. लंडनमध्ये आंडरसननं किझेरित्स्कीविरुद्ध याच गॅम्बिटमध्ये एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला, आणि उरलेले दोन घोडे व एका उंटानं मात केली. हरलेल्या किझेरित्स्कीनं तो डाव स्वतःच्या मासिकात छापला! हे सांगताना गॅम्बिटरावांचा आवाज भरून येतो. तो सामना स्पर्धेतला नव्हता, सहज खेळलेला होता, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकू येत नाही.

कुणीतरी फिशरचं नाव काढतंच. त्यानं १९६१ मध्ये लेख लिहून हा गॅम्बिट मोडीत काढला होता. गॅम्बिटराव तयारच असतात. "आदल्या वर्षी मार देल प्लाताला स्पास्कीनं त्याला यातच हरवलं होतं. राग होता तो! आणि पुढे स्वतःच खेळला की नाही?" खेळला होता. त्यावर कॅस्पारॉव्हनं १९९५ मध्ये रीगाला इव्हान्स हा दुसरा एक गॅम्बिट खेळून आपल्या आनंदला पंचवीस खेळ्यांत हरवल्याचंही ते सांगतात, आणि देशाभिमानापोटी क्षणभर गप्प बसतात.

हरण्याचं त्यांना दुःख नाही. वीस खेळ्यांत तीन मोहरी गमावून ते हसत हात मिळवतात. दुःख आहे ते नाकारणाऱ्यांचं. समोरच्यानं प्याद्याकडे ढुंकूनही न बघता शांतपणे उंट बाहेर काढला, की मधुमेहाचं कारण सांगून जिलबी परत करणाऱ्या पाहुण्याकडे बघावं, तसे ते बघतात.

गेल्या रविवारी समोर दहा वर्षांचं पोरगं होतं. गॅम्बिटरावांनी प्यादं पुढे केलं. पोरानं ते खाल्लं नाही, नाकारलंही नाही. त्यानं वजिरासमोरचं आपलंच प्यादं दोन घरं पुढे ढकललं. एकोणिसाव्या शतकातल्या फाल्कबीर या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावाचा हा उलट गॅम्बिट.

"हे... मला देतोयस?" गॅम्बिटरावांनी विचारलं. मग चष्मा पुसला. चहा गार झाला. घड्याळात अकरा मिनिटं गेल्यावर त्यांनी चोरासारखं ते प्यादं उचललं.

पोरानं तात्काळ राजासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि खुर्चीत मागे रेललं. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.